वेदी भिंतीपासून सुटली तेव्हा

दादरहून गोखले रस्त्याने प्रभादेवीकडे, सिद्धिविनायकाच्या दर्शनाला पायी निघालेल्या माणसाला वाटेत 'पोर्तुगीज चर्च' लागते. टॅक्सीवाल्याला सांगावयाचे ते हेच नाव आणि बसथांब्याची ओळखही तीच. या नावासरशी डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, म्हणजे दोन बाजूंना मनोरे, मध्ये चुन्याची पांढरीशुभ्र दर्शनी भिंत आणि वर क्रूस, त्याचा मात्र तेथे मागमूसही नाही. आहेत ती उघड्या काँक्रीटची कवचासारखी छपरे, त्यांच्या खालचे मंडप आणि मधूनमधून आकाशाला मोकळे असलेले चौक. फ्रान्सिस्कन संन्याशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे उपासना सुरू केली, म्हणून नाव पोर्तुगीज राहिले. आजची वास्तू १९७७ साली पूर्ण झालेली असून ती चार्ल्स कोरिया यांची आहे.

इतक्या जुन्या धर्मपीठाला इतके नवे रूप का घ्यावेसे वाटले? काळाची फॅशन, वास्तुशिल्पकाराची लहर, असे उत्तर सहज दिले जाते. त्यात तथ्य नाहीच असे नाही. परंतु विसाव्या शतकात चर्चचा आराखडा मुळापासून बदलला त्याचे खरे कारण वास्तुशास्त्रात नसून उपासनेत आहे आणि ते ध्यानात घेतल्याखेरीज या इमारतींचे यशापयश ठरविता येत नाही.

आपल्याकडील देवळाशी तुलना केली तर मुद्दा लवकर उमगेल. देऊळ हे देवाचे घर. भाविक येतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि निघून जातो. गाभारा लहान व अंधारा असला तरी काही बिघडत नाही. कीर्तनासाठी माणसे जमतात ती बाहेर सभामंडपात. ख्रिस्ती उपासना मुळातच सामुदायिक. एकत्र जमणे, वचन ऐकणे आणि एका मेजाभोवती भाकर वाटून घेणे हा तिचा गाभा. म्हणूनच चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर ख्रिस्ती लोकांनी रोमन देवळांचा नमुना उचलला नाही. त्यांनी उचलला तो 'बॅसिलिका' या नावाच्या रोमन सार्वजनिक दालनाचा, जेथे न्यायनिवाडा आणि व्यापारउदीम चाले. पहिले मोठे चर्च हे अशा रीतीने कचेरीच्या इमारतीचे वंशज आहे, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढील हजार वर्षांत हे दालन लांबत गेले. वेदी मागे सरकत सरकत अखेर भिंतीला टेकली. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिन भाषेत मंत्र म्हणू लागला आणि लोक दूरवर बसून आपापली जपमाळ ओढू लागले. जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलमध्ये दारापाशी उभे राहून पाहावे. समोर सोन्याच्या मुलाम्याची उंच वेदी झळकते. दृश्य भव्य आहे यात शंका नाही, पण दाराजवळच्या माणसाचा त्या वेदीशी संबंध प्रेक्षकाचा राहतो.

हे बदलले पाहिजे असा विचार पहिल्या महायुद्धानंतर युरोपात बळावला. १९२३ साली ऑग्यूस्त पेरे यांनी पॅरिसजवळच्या रँसी येथे उघड्या काँक्रीटचे चर्च उभारले. खांब सडपातळ केले आणि भिंतींच्या जागी रंगीत काचांच्या जाळ्या बसविल्या. तरी त्यांचा आराखडा जुनाच, लांबट होता. त्याहून मूलगामी काम जर्मनीत रूडॉल्फ श्वार्त्स यांनी केले. रोमानो ग्वार्दिनी या धर्मगुरूंच्या युवक चळवळीसाठी रोटेनफेल्सच्या जुन्या किल्ल्यातील एक दालन त्यांनी पांढऱ्या भिंतींनिशी रिकामे केले आणि त्यात हलविता येण्याजोगी साधी बसकी ठेवली. तरुण मंडळी वेदीच्या तिन्ही बाजूंना बसू लागली. १९३० साली आखेन येथे त्यांनीच बांधलेल्या पांढऱ्या, जवळपास निरलंकार चर्चला गावातील लोक कुत्सितपणे 'कारखाना' म्हणत.

ज्याची तेव्हा टिंगल झाली त्याला तीस-पस्तीस वर्षांनी अधिकृत मान्यता मिळाली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. तिचा उपासनाविषयक दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाला. कोणतीही एक कलाशैली चर्चने आपली म्हणून स्वीकारलेली नाही, नवी चर्चे बांधताना भाविकांना उपासनेत सक्रिय भाग घेता येईल हे पाहावे आणि केवळ डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा ध्यास धरावा, असा त्यातील मार्गदर्शनाचा आशय. पुढच्या वर्षीच्या नियमांत तर वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावे आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पिता यावा, असे स्पष्ट नमूद झाले. लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या. वसईत मराठी आणि गोव्यात कोकणी वेदीपर्यंत पोचल्या त्या याच वळणावर. जुन्या चर्चांतून मागे कोरीव, सोनेरी वेदी तशीच राहिली आणि तिच्यापुढे एक साधे मेज आले. दोन युगे एकाच गाभाऱ्यात शेजारी उभी ठाकली.

नव्या चर्चच्या वास्तुशिल्पकारापुढे मग खरा प्रश्न आला. छप्पर कोणत्या आकाराचे, हा तो प्रश्न नव्हे. माणसे कोठे बसणार, कोणाकडे पाहणार, आणि धर्मगुरू त्यांच्यापासून किती अंतरावर उभा राहणार, हा तो प्रश्न होता.

या कसोटीवर फ्रान्समधील रोंशाँचे चर्च पाहण्यासारखे आहे, कारण जगभर सर्वाधिक छायाचित्रे त्याचीच निघाली आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याविषयीच झाले. टेकडीवरचे जुने तीर्थमंदिर १९४४ साली युद्धात उद्ध्वस्त झाले. नव्या मंदिरासाठी १९५० मध्ये ल कोर्बूझिए यांना विचारण्यात आले. चंदीगडमुळे भारतात सर्वपरिचित झालेला हा कलावंत रूढ अर्थाने श्रद्धावान नव्हता आणि प्रथम तो तयारही नव्हता. अस्सल कलावंत श्रद्धाहीन असला तरी पत्करला, पण श्रद्धावान सुमार कारागीर नको, अशी भूमिका घेणारे कूत्यूरिए यांच्यासारखे डॉमिनिकन धर्मगुरू त्या काळी फ्रान्समध्ये होते, म्हणून हे काम घडून आले. १९५५ च्या जूनमध्ये वास्तूचा अभिषेक झाला.

खेकड्याच्या कवचावरून सुचलेले ते फुगीर छप्पर, भिंत आणि छप्पर यांमध्ये ठेवलेली सुमारे १० सेंटिमीटरची प्रकाशाची फट, जाड भिंतीत खोल गेलेल्या लहानमोठ्या खिडक्या, या साऱ्यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिली ती एक साधी सोय. रोंशाँ हे यात्रेचे ठिकाण. एरवी मूठभर माणसे, यात्रेच्या दिवशी हजारो. म्हणून पूर्वेच्या भिंतीच्या आतल्या अंगाला एक वेदी आहे आणि बाहेरच्या अंगाला, टेकडीवरील हिरवळीसमोर, दुसरी. त्या भिंतीतील काचेच्या कोनाड्यात मेरीमातेची जुनी मूर्ती आहे आणि तिला फिरविता येते. गर्दी आत असेल तेव्हा तिचे मुख आत, गर्दी बाहेर असेल तेव्हा बाहेर. पडलेल्या मंदिराचे दगड नव्या भिंतींत भरलेले आहेत. ज्याला अनेकांनी निव्वळ शिल्प म्हटले, ते यात्रेकरूंची गरज इतक्या बारकाईने ओळखणारे होते. पुढे ठिकठिकाणी वाकडी छपरे आणि विखुरलेल्या खिडक्या यांच्या नकला झाल्या. त्या करणाऱ्यांनी छप्पर उचलले, फिरणारी मूर्ती विसरले.

उलट टोकाचे उदाहरण लिव्हरपूलचे. तेथील कॅथलिक कॅथीड्रलचा अवाढव्य आराखडा नवी दिल्ली घडविणाऱ्या लट्येन्स यांनी केला होता. तळघर झाले आणि पैसा संपला. नंतर फ्रेडरिक गिबर्ड यांनी वर्तुळाकार कॅथीड्रल बांधले आणि ते १९६७ साली खुले झाले. वेदी अगदी मध्यभागी, लोक सभोवार. परिषदेचा विचार जणू कंपास घेऊन काढलेला! पण वर्तुळात बसलेल्या माणसाला वेदीपलीकडे दिसतात ते समोरच्या बाजूच्या लोकांचे चेहरे, आणि मध्ये उभ्या असलेल्या धर्मगुरूची पाठ कोणाकडे तरी होतेच. त्यातच नव्या साहित्याचे व घाईचे प्रायश्चित्त म्हणून छप्पर गळू लागले, बाहेरचे आच्छादन निखळू लागले आणि प्रकरण वास्तुशिल्पकारावरील दाव्यापर्यंत गेले. तत्त्व बरोबर असून भागत नाही. पाऊस कोणाच्याच तत्त्वाला जुमानत नाही.

हवापाण्याचा हा विचार दादरला मध्यवर्ती ठरला. गॉथिक चर्च हे थंड प्रदेशाचे अपत्य. प्रकाश अपुरा म्हणून उंच खिडक्या, थंडी म्हणून बंद भिंती. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये याच धर्तीवर उभे राहिले. ते देखणे आहे, पण मे महिन्यातील मुंबईशी त्याच्या रूपाचे काही नाते नाही. कोरिया स्वतः गोमंतकीय कॅथलिक कुटुंबातले. उष्ण देशात माणूस दिवसाच्या प्रहराप्रमाणे छायेतून चौकात आणि चौकातून छायेत वावरतो, आकाशाखालची जागा ही येथे खोलीच असते, हा विचार त्यांनी घरांपासून संग्रहालयांपर्यंत आयुष्यभर मांडला. दादरला त्यांनी एकच मोठी पेटी बांधण्याऐवजी एकमेकींत गुंतलेल्या अनेक जागा केल्या. काही झाकलेल्या, काही उघड्या. वरची कवचे धुराड्यासारखी तापलेली हवा वर ओढून बाहेर टाकतात. ख्रिस्तजीवनातील टप्पे, म्हणजे बाप्तिस्मा, लोकांमधील उपदेशकार्य आणि अखेरचे बलिदान, यांना अनुसरून या जागांचा क्रम लावलेला आहे. आतील चित्रकामाला एम. एफ. हुसेन यांचा हात लागला. गोमंतकीय ख्रिस्ती वास्तुशिल्पकार आणि पंढरपुरात जन्मलेला मुसलमान चित्रकार हा योग मुंबईतच जुळून यावा.

याच सुमारास लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या लॉयोला शिक्षणसंस्थेसाठी विटांच्या जाळीदार भिंतींचे चॅपेल बांधले. वारा आणि गाळलेला उजेड जाळीतून आत येतो, पंख्यांची व रंगीत काचांची फारशी गरज उरत नाही. बेकर क्वेकर पंथाचे होते. ज्या पंथात वेदी नाही, पुरोहित नाही, नुसते शांत बसणे हीच उपासना, त्या पंथाच्या माणसाने जेझुइटांना कमी खर्चात मोठे उपासनागृह द्यावे, यातही एक गंमत आहे.

या सर्व वास्तूंविरुद्ध सामान्य भाविकाची एक तक्रार असते आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. 'सारे ठीक, पण हे चर्च वाटते का?' ज्या कमानीखाली आजीचे लग्न लागले, ज्या घुमटाखाली बापाच्या अंत्यविधीची प्रार्थना झाली, तो आकार हीच त्याच्या श्रद्धेची स्मृती असते. वास्तुशिल्पकाराला उघडे काँक्रीट प्रामाणिक वाटते, भाविकाला ते अर्धवट राहिलेले बांधकाम वाटते. आपल्याकडे अनेक ठिकाणी नवी चर्चे सिमेंटात जुन्या कमानींची नक्कल करून उभी राहतात, त्यामागे हीच ओढ आहे. नक्कल वाईट दिसते म्हणून ओढ खोटी ठरत नाही. पैसा भाविकांचा, दर रविवारी बसणार भाविक. वास्तुशिल्पकार मात्र छायाचित्रे काढून पुढच्या कामाला जातो. मग अखेरचा शब्द कोणाचा?

जपानमध्ये ओसाकाजवळच्या इबाराकी येथे हा वाद अगदी मूर्त रूपात पाहावयास मिळतो. तेथील एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीसाठी तादाओ आंदो यांनी १९८९ साली चर्च बांधले. आंदो एके काळचे मुष्टियोद्धे आणि स्वशिक्षित वास्तुशिल्पकार. मंडळीजवळ पैसा इतका तुटपुंजा की छप्पर होते की नाही अशी धास्ती होती. जमीन आणि बाके यांसाठी पराचीच्या फळ्या वापरण्यात आल्या. इमारत म्हणजे काँक्रीटची साधी पेटी. मंडळीची जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते, त्यामुळे उपदेशक श्रोत्यांच्या वर उभा न राहता खाली उभा राहतो. त्याच्यामागील भिंतीत आडवी आणि उभी अशा दोन चिरा आरपार ठेवलेल्या आहेत. सकाळी अंधाऱ्या दालनात त्या चिरांमधून प्रकाशाचा क्रूस उमटतो. लाकडाचा, धातूचा क्रूस नाहीच. भिंत जेथे नाही तेथे क्रूस आहे.

आंदोंचा आग्रह होता की या चिरांना काच लावू नये. प्रकाशाबरोबर वारा, थंडी, पावसाचा शिंतोडाही आत यावा. मंडळीचे म्हणणे साधे होते. हिवाळ्यात बसवणार नाही. काच बसली. आंदो पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले की एक ना एक दिवस ती काढावयाची आहे. २०१७ साली टोकियोच्या राष्ट्रीय कलाकेंद्रात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले तेव्हा या चर्चची पूर्ण आकाराची प्रतिकृती तेथे उभारण्यात आली आणि तिच्या क्रूसाला काच नव्हती. वारा सरळ आत येत होता. प्रेक्षक काही मिनिटे उभे राहत आणि पुढे सरकत. इबाराकीच्या मंडळीला मात्र हिवाळ्यातली पुरी उपासना बसून ऐकावयाची होती.