सुरतेचा रुसी आणि मुंबईचे हंगाम

पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींची क्रिकेटच्या बाबतीत एक अडचण असते. वास्तविक रणजी करंडकात आमचा जीव गुजरातच्या संघात गुंतावयास हवा, आणि थोडाफार गुंततोही. परंतु मुंबईची धावसंख्या कळल्याशिवाय चैन पडत नाही, हेही तितकेच खरे. मग पाहुण्यांच्या गर्दीत, चहाच्या दुसऱ्या फेरीला, हमखास वाद पेटतो : मुंबईच्या कोणत्या फलंदाजाचा हंगाम सर्वांत थोर?

तरुण मंडळी तत्काळ श्रेयस अय्यरचे नाव घेतात. २०१५-१६ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने ११ सामन्यांत १,३२१ धावा केल्या. पुण्यास झालेल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध ११७ धावा काढल्या आणि करंडक मुंबईस आला. त्याच्या मागे वसीम जाफर : २००८-०९ मध्ये १,२६० धावा, सरासरी ८४, आणि उपांत्य सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध त्रिशतक. त्याही वर्षी करंडक मुंबईचाच. नुसती बेरीज पाहावयाची झाली, तर येथेच वाद मिटतो.

परंतु बेरीज ही सामन्यांच्या संख्येवर वाढते, हे कोणी लक्षात घेत नाही. १९४४-४५ साली स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक पराभव झाला, की हंगाम संपला. मुंबईच्या वाट्यास पाचच सामने आले. त्या पाच सामन्यांत एका वीस वर्षांच्या पारशी तरुणाने सिंधविरुद्ध १६०, पश्चिम हिंदुस्थानविरुद्ध २१०, बडोद्याविरुद्ध नाबाद २४५ व नाबाद ३१, उत्तर हिंदुस्थानविरुद्ध ११३, आणि अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध ९८ व १५१ धावा केल्या. वाचकांनी स्वतः बेरीज करून पाहावी : १,००८. रणजी करंडकाच्या एकाच हंगामात सहस्र धावांचा टप्पा त्यापूर्वी कोणीही ओलांडला नव्हता. सरासरी २०१.६०, आणि प्रत्येक सामन्यात किमान एक शतक! त्या तरुणाचे नाव रुसी मोदी, आणि त्यांचा जन्म, ११ नोव्हेंबर १९२४ रोजी, आमच्या या सुरतेतला.

आमच्या गावचा म्हणून आम्ही पक्षपात करतो, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. त्या काळच्या खेळपट्ट्या फलंदाजांना फारच सोयीच्या होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. ब्रेबोर्न मैदानावरील त्या अंतिम सामन्यात उभय संघांनी मिळून २,०७८ धावा केल्या. विजय मर्चंटांनी २७८ काढल्या, तर होळकरांकडून खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९. एवढा ढीग रचूनही होळकर ३७४ धावांनी हरले. अशा पावसात एकट्याची ओंजळ किती भरली, हे मोजणे कठीणच.

सरासरीच प्रमाण मानावयाची, तर मोदींच्याही पुढे अशोक मांकड आहेत. १९७६-७७ साली त्यांनी २०६.७५ च्या सरासरीने ८२७ धावा केल्या, आणि मुंबईने करंडक जिंकला. या हंगामाची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते. तरीही मोदींपेक्षा १८१ धावा कमीच.

सर्फराज खानची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. २०१९-२० मध्ये सहा सामन्यांत ९२८ धावा, त्यांत उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद ३०१. आणि त्यानंतर २०२१-२२ मध्ये पुन्हा सहाच सामन्यांत ९८२, सरासरी १२२.७५. सामन्यामागे धावा मोजल्या, तर मोदींच्या जवळपास फिरकणारा या मंडळींत हाच एक. परंतु पहिल्या वर्षी मुंबई बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही, आणि दुसऱ्या वर्षी, सर्फराजने अंतिम सामन्यात १३४ धावा काढूनही, करंडक मध्य प्रदेशाने नेला. क्रिकेट हा अकरा जणांचा खेळ असल्याने त्याचा दोष त्याच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. पण मुंबईचे लोक करंडकाशिवाय हंगाम मोजत नाहीत, त्याला आमचा इलाज नाही.

आमचे मत रुसी मोदींनाच. केवळ देशांतर्गत स्पर्धेपुरता हा पराक्रम नव्हता, याची साक्ष १९४८-४९ ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका देते. पाच कसोटींत त्यांनी ५६० धावा केल्या. १९९६ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. घरातील मुले मात्र अजून ‘रुसी कोण?’ असे विचारतात, आणि चहाची तिसरी फेरी करावी लागते.