पाचगणीतला फ्लॅट आणि पावसाचे चार महिने

‘हलका संसार’ : लेखांक 7

गेल्या आठवड्यात बाल्कनीतल्या खताच्या बादलीची जी कृती दिली, ती पुण्या-सोलापुरात बिनघोर चालते. पाचगणीत मात्र जुलै लागला की तीच बादली आंबते, तिला पाणी सुटतं आणि शेजारी दार वाजवतात. दोष बादलीचा नाही. जवळपास 1,300 मीटर उंचीवरच्या या गावात पावसाळ्यात ढग खिडकीतून घरात येतात. हवाच ओली, तर बादलीतली ओल जाणार कुठे? काटकसरीचे सल्ले हल्ली मोबाइलवर ढिगाने मिळतात. पण गावाची हवा न बघता दिलेला सल्ला तिथे फुकट जातो, कधी कधी महागातही पडतो. म्हणून आजचा लेखांक एकाच गावाचा.

आधी बादलीचंच बघू. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा यांत नत्र भरपूर. सुक्या पानांत कर्ब. खत नीट व्हायचं तर नत्राच्या पंचवीस ते तीस पट कर्ब लागतो आणि ओलावा साधारण निम्मा. मूठभर माल दाबला तर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पावसाळ्यात हे गणित बिघडतं ते सुकी पानं मिळत नाहीत म्हणून. पण पाचगणीत ती मिळतात, फक्त चार महिने आधी. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाने हे गाव वसवताना बाहेरून जी झाडं आणून लावली, त्यांत ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक होता. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानं रस्तोरस्ती पडतात. वरून हिरवी, खालून चंदेरी, नेच्यासारखी कातरलेली ही पानं वाळली की कडक होतात, आणि बऱ्याच आवारांत त्यांचे ढीग करून सरळ काडी लावतात. ती जाळू नका. दोन गोणी भरून माळ्यावर टाका. पानं चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून गोणीतच पायाने तुडवून चुरा करून ठेवा. जूनपासून एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या चुरा, बादलीला बाजूने भोकं, वर पावसाची झड लागणार नाही असा आडोसा. रस्सा आणि शिळा भात पावसाळ्यात तरी बादलीत नको.

आणि हे जमलंच नाही तरी ओशाळायचं कारण नाही. ओला-सुका वेगळा करून घंटागाडीत देणं हेही पुरेसं काम आहे. जिथे कधीकाळी गावाचा कचरा नुसता पडायचा, तिथे पाचगणीच्या नगरपालिकेने प्रक्रिया उभी केली आणि त्या जागेला ‘स्वच्छ भारत पॉइंट’ असं नाव देऊन ती चक्क बघायच्या ठिकाणांत घातली. 2018 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये पश्चिम विभागात पाचगणी पहिली आली. कचरा पाहायला पर्यटक नेणारं गाव मला तरी मनापासून आवडतं. पण घरातच सगळं एका पिशवीत कोंबलं, तर पुढची यंत्रणा कितीही चांगली असो, तिच्या हाती चिखलच येतो.

आता कपडे. चार महिने काही म्हणजे काही वाळत नाही. पूर्वी घरोघरी शेगडीवर डाली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी वाळवत. ते आठवून बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवायचा मोह होत असेल, तर तो आवरा. तिचा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता जीव घेतो. जुनं ते सगळं सोनं नसतं. ओल शोषणारं यंत्र 300 वॉटचं धरलं, तर दहा तासांत तीन युनिट जातात. त्यापेक्षा जाड टर्किश टॉवेल गोणीतल्या पानांशेजारी माळ्यावर चढवा आणि चार पंचे काढा. पंचा पातळ, पिळला की निम्मं पाणी गेलं, पंख्याखाली रात्रीतून वाळतो. जीन्सचंही तेच: पावसाळ्यापुरती ती कपाटात जाऊ द्या. पण कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका; चार बोटं हवा मागून खेळली नाही, तर बुरशी आधी तिथेच धरते. नैर्ऋत्येचा वारा पाऊस ज्या भिंतीवर मारतो, त्या भिंतीला तर कपाट नकोच. रंगही बघा. तेलकट, प्लास्टिकचा थर देणारा रंग ओल आत कोंडतो. साधा चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि तो क्षारधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाही. चुना दिवाणखान्यात शोभत नाही असं वाटणाऱ्यांनी निदान मागच्या खोलीत लावून बघावा.

बाहेरून भिंत राखायची इथली जुनी रीत म्हणजे झडी. मे महिन्यात पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, पावसाळा सरला की उतरवायच्या. गवत कुजलं तरी मातीतच जायचं. आता बहुतेक ठिकाणी निळं प्लास्टिक किंवा पत्रे दिसतात. पत्रा वर्षानुवर्षं वापरता येतो, त्याला माझी हरकत नाही. प्लास्टिक मात्र वाऱ्याने दोन-तीन मोसमांत फाटतं आणि त्याच्या चिंध्या दरीत उडतात. सोसायटीने मिळून एकदाच घडीच्या पत्र्यांचा खर्च केला, तर दर मे महिन्यातली ताडपत्रीची खरेदी टळते.

विजेचं थोडक्यात. गच्चीवरचा सौर बंब ऑक्टोबर ते मे इमाने राबतो आणि ऐन गरजेला, पावसाळ्यात, रजेवर जातो. वीस लिटरची बादली 15 अंशांवरून 40 वर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं. बादलीने अंघोळ केली तर हा हिशेब हातात राहतो. शॉवरखाली तो राहत नाही.

पाण्याची गोष्ट उलटी आहे. एवढा पाऊस पडतो, मग पाण्याची ददात कसली, असं पाहुण्यांना वाटतं. पाचगणी महाबळेश्वरच्या पूर्वेला अठरा-एकोणीस किलोमीटरवर. तेवढ्या अंतरात पाऊस बराच घटतो. जो पडतो तोही डोंगरमाथ्यावरून वाहून जातो. पठाराला वर जांभ्याची टोपी आणि खाली काळा बेसॉल्ट. जांभा सच्छिद्र, त्यात मुरलेलं पाणी खालच्या कठीण थराला अडतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. उतारावरची गावं या झऱ्यांवर जगत आली. पाचगणीच्या एशिया प्लॅटो केंद्रातली ‘ग्रामपरी’ ही संस्था याच झऱ्यांच्या जपणुकीचं काम करते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं पाणी मात्र येतं वेण्णा तलावातून. 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधलेला हा तलाव महाबळेश्वर आणि पाचगणी दोघांनाही पाजतो. म्हणजे मे महिन्यात, पर्यटकांनी गावं फुगलेली असताना, तलाव सर्वांत खाली गेलेला असतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो: पाचगणीत आरओ लावू नका. हे पावसाचंच साठलेलं मऊ पाणी, त्यात क्षार मुळातच कमी. आरओ क्षार काढण्याचं यंत्र आहे आणि लिटरभर पाणी द्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. जंतूंची काळजी असेल तर साधी गाळणी आणि उकळणं, फार तर यूव्ही. गच्चीचं पाणी अडवायचं असेल तर हिशेब सोपा आहे: 200 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. ते मेपर्यंत साठवायला टाकी परवडणार नाही. पण पावसाळाभर फ्लशला तेच वापरता येतं, आणि उरलेलं गटारात न सोडता जाणकाराकडून जागा ठरवून मुरवलं, तर खालच्या एखाद्या झऱ्याला ते पोचू शकतं. मोरीतून गेलेला साबणही असाच खाली जातो, एका उताराने कृष्णेकडे, म्हणजे धोम धरणाच्या पोटात, आणि दुसऱ्या उताराने कुडाळीच्या खोऱ्यात. साबण अर्धा चमचा कमी घालणं हे बांबूच्या टूथब्रशपेक्षा मोठं काम आहे.

राहिले बंद फ्लॅट, आणि माझ्या मते या गावातली सर्वांत मोठी उधळपट्टी हीच. महाबळेश्वर-पाचगणी 17 जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधायला जागा आणि परवानग्या दोन्ही मोजक्या. अशा गावात सिमेंट, लोखंड, वाळू घाटाने वर आणून बांधलेला फ्लॅट वर्षातून दोन आठवडे उघडायचा, बाकीचे दिवस तो बुरशीला द्यायचा आणि दर वर्षी रंग काढायचा! मुंबई-पुण्याच्या ज्या घरमालकांना बांबूच्या चमच्यांची हौस आहे, त्यांनी आधी फ्लॅट भाड्याने द्यावा. निवासी शाळांच्या या गावात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना राहायला घर लागतंच. राहतं घर रोज उघडतं, हवा खेळते, गळती पहिल्याच दिवशी कळते. तेही नको असेल, तर जूनपूर्वी फ्रीज रिकामा करून प्लग काढा, त्याचं दार किलकिलं ठेवा, गाद्या उभ्या करा, नळाचा मुख्य कॉक बंद करा आणि महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला कुणाला तरी पैसे देऊन सांगून ठेवा.

पुढच्या लेखांकात याच कृष्णेबरोबर खाली सांगलीला जाऊ. 2005 आणि 2019 मध्ये तिचं पाणी तळमजल्यांत शिरलं होतं; तिथल्या फ्लॅटचे प्रश्न वेगळे आहेत.