भाडं, माती आणि पावती

मे संपत आला की जुन्या माळवदी घरांवर लगबग सुरू होते. वरचं गवत उपटायचं, पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, पन्हाळीतला कचरा काढायचा. एका उन्हाळ्यात हे राहिलं, तर पावसाळ्यात तुळईशेजारून पाणी ठिबकतं आणि खोलीभर भांडी मांडावी लागतात. मंगळवेढ्यात अशा घरात भाडेकरू असला, की ओसरीवरच सौदा ठरतो : ‘वरचं तुम्ही बघा, भाड्याचं कमी-जास्त करू.’

सौदा चांगलाच आहे. बाहेरगावी राहणाऱ्या मालकाचं घर टिकतं, भाडेकरूचे चार पैसे वाचतात. बिनसतं ते ‘कमी-जास्त’वर. मालकाला वाटतं सवलत दिली, भाडेकरूला वाटतं राबवून घेतलं.

म्हणून भाडं पूर्ण धरावं आणि मजुरी वेगळी. समजा, भाडं ४,००० रुपये आणि माळवदाच्या कामाची मजुरी १,५०० ठरली. मग त्या महिन्याच्या पावतीवर तिन्ही आकडे हवेत : भाडं ४,०००, कामापोटी वजा १,५००, रोख २,५००. माती-चुन्याचा खर्च मालकाचा.

मालकाने करायची दुरुस्ती कळवूनही झाली नाही, तर ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम १४ नुसार आधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, म्हणजे आपल्या उदाहरणात १२,००० रुपये. याच कायद्याचं कलम ५५ लेखी, नोंदणीकृत करार मागतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. कामाची अट त्या करारातच लिहावी.

कामाची हद्दही ठरवावी. रंग, पन्हाळ, गळका नळ भाडेकरूने बघावा. खचलेली भिंत, कुजलेली तुळई, विजेची जोडणी मात्र गवंडी, सुतार आणि वायरमनचीच. संत चोखोबा १३३८ साली याच मंगळवेढ्यात, गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. भाड्यातल्या सवलतीसाठी कुणाला अशा भिंतीखाली उभं करू नये.

पावतीचा धडाही याच गावचा. इथले अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, तेव्हा त्यांच्यासाठी विठ्ठल महाराच्या वेशात बीदरला गेला, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याने दरबारात त्या धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतली. विठ्ठलानेही पावती घेतली, हे इथल्या मालकाने आणि भाडेकरूने शिडी लावण्याआधी आठवावं.