वॉरंट आहे का?

हिंदी पिक्चरमध्ये पोलीस दारात आले की कोणीतरी विचारतं, ‘वॉरंट आहे का?’ आणि इन्स्पेक्टर खिशातून कागद काढतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत रात्री साडेनऊला आमच्याकडे दोन पोलीस आले, तेव्हा बाबा म्हणाले, ‘या ना साहेब, बसा.’

वरच्या खोलीत पूर्वी राहणाऱ्या भाडेकरूची चौकशी होती. तो दोन वर्षांपूर्वीच खोली सोडून गेलेला. तरी त्यांनी आईचं कपाट उघडलं, आजीच्या ट्रंकेतली लुगडी खाली काढली. काही सापडलं नाही, गेले. मी थर्ड इयरला असून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट दारातूनच दिलं, आत आल्या नाहीत. आजी बाबांना एवढंच म्हणाली, ‘माझी ट्रंक कशाला उघडली, ते तरी विचारायचं होतंस.’

मग मी वकील असलेल्या मामाला गाठलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ‘दखलपात्र’ म्हणजे मला आधी भांड्याचा प्रकार वाटला! पण हा शब्द महत्त्वाचा आहे. दरोडा, खून असे जे गुन्हे पोलीस कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपासू शकतात, ते दखलपात्र.

मामाने सांगितलं ते असं. १ जुलै २०२४ पासून जुन्या क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्याप्रमाणे वॉरंटशिवाय घरात शिरायला मुख्यतः दोन कारणं लागतात: माणूस किंवा वस्तू.

माणूस (कलम ४४): ज्याला अटक करायचा पोलिसांना अधिकार आहे तो घरात आहे, असं मानायला कारण हवं. तेव्हा आपण दार उघडलंच पाहिजे. नाही उघडलं आणि वॉरंट आणेपर्यंत तो पळून जाईल अशी स्थिती असेल, तर आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून ते दार तोडूही शकतात.

वस्तू (कलम १८५): दखलपात्र गुन्ह्याच्या तपासाला लागणारी वस्तू घरात आहे आणि फार उशीर न होता ती दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही, असं अधिकाऱ्याला सकारण वाटलं पाहिजे. ती कारणं आणि शक्यतो ती वस्तू कोणती, हे त्याने झडतीच्या आधी लिहून ठेवायचं. स्वतः येता येत नसेल तर हाताखालच्या माणसाला लेखी आदेश द्यायचा. झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं आणि त्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. अर्ज केला तर घरमालकाला ती फुकट मिळते. याशिवाय दोन पंच हवेत, घरच्या माणसाला हजर राहू द्यायला हवं आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत द्यायला हवी. (अमली पदार्थांसारख्या काही कायद्यांचे नियम वेगळे आहेत.)

आमच्याकडे पंच नव्हते, शूटिंग नव्हतं. मी विचारलं, ‘मग ते बेकायदा घुसले ना?’ मामा म्हणाला, ‘घुसले कुठे? तुझ्या बाबांनी बोलावलं!’ नुसत्या चौकशीसाठी आलेल्यांशी दारात उभं राहूनही बोलता येतं. पण आपण ‘या, बसा’ म्हणतो, आणि तीच परवानगी धरली जाते.

दारात पोलीस आले म्हणजे सगळं त्यांच्या मर्जीवर, असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगचं नाव दरोड्याच्या केसमध्ये आलं होतं, पण पुरावा नाही म्हणून तो सुटला. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन त्याला उठवायचे. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने रात्रीच्या अशा घरभेटींचा नियमच रद्द केला. २०१७ मध्ये तर नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला.

म्हणून दार लावून घ्यायचं का? मुळीच नाही. कायदेशीर कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे, आणि झडतीत नियम मोडला म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बादही होत नाही. आडवं व्हायचं नाही, विचारायचं. साहेब, आपलं नाव आणि पोलीस स्टेशन? माणूस शोधताय की वस्तू? लेखी आदेश आहे का? पंच कुठे आहेत?

हे प्रश्न मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरी दिले. बाबा म्हणाले, ‘आपल्याला कशाला लागतंय!’ आजीने मात्र तो कागद दारामागे, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलाय.