कॅन्सरची गोळी सिकलसेलला कशी?

कुही तालुक्यात सिकलसेल म्हणजे काय हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. मांढळ असो की वेलतूर, 'एसएस पॅटर्न', म्हणजे सिकलसेलचा आजार, म्हटलं की कुणाचं पोरगं, कितवीत शिकतं आणि यंदा किती वेळा नागपूरच्या मेडिकलला भरती झालं, हे शेजारीही सांगतात. आजाराची इतकी ओळख असलेल्या घरांत धास्ती मात्र औषधाची असते. सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल मिळतात. मग एखादा शिकलेला पुतण्या मोबाइलवर नाव टाकून बघतो, नाहीतर ओळखीचा दुकानदार स्ट्रिप उलटीपालटी करून म्हणतो, "भाऊ, हे तं ब्लड कॅन्सरवालं औषध हाय." घरात दोन तर्क निघतात. पोराला कॅन्सर आहे आणि डॉक्टर लपवताहेत, हा एक. आज नसला तरी या गोळीनं होईल, हा दुसरा. दोन्हींचा परिणाम एकच, कॅप्सूल बंद.

दुकानदार खोटं बोलत नाही, एवढं आधी मान्य करू. हे रसायन जर्मनीत 1869 साली तयार झालं आणि 1967 मध्ये अमेरिकेत त्याला कॅन्सरवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. कुठल्याही पेशीला दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल काढावी लागते. त्या नकलेचा कच्चा माल तयार करणारं एक एन्झाइम हायड्रॉक्सियुरिया अडवून धरतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी लाखांवर गेल्या की त्या झटपट खाली आणायला डॉक्टर आजही हेच देतात. सिकलसेलमध्ये या औषधाकडून करून घ्यायचं काम निराळं आहे. ते समजायला जन्माआधीच्या रक्तापाशी जावं लागतं.

गर्भात रक्त सुरुवातीला पीतकोशात तयार होतं, मग यकृतात, आणि जन्माच्या सुमारास हा सगळा कारभार हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत जातो. त्या काळातलं हिमोग्लोबिनही वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते मागे पडतं आणि प्रौढांचं हिमोग्लोबिन जागा घेतं. सिकलसेलचा दोष या प्रौढ हिमोग्लोबिनच्या एका साखळीत आहे. म्हणून बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं आणि नंतर बोटं सुजणं, हाडं ठणकणं सुरू होतं. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच नोंदवलं होतं की नवजात बाळांच्या लाल पेशी विळ्यासारख्या फारशा वाकत नाहीत. हायड्रॉक्सियुरिया घेतल्यावर हे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात वाढतं, पेशी कमी वाकतात, बारीक रक्तवाहिन्या कमी तुंबतात.

1995 मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. आपल्यासाठी त्याहून जवळचा पुरावा नागपूरचाच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना रोज किलोमागे 10 मिलिग्रॅम एवढाच डोस दिला आणि तो वाढवत नेला नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि भरती होणं, तिन्ही खूप घटलं. कमी डोसला इथे मोल आहे. डोस चढवत न्यायचा तर रक्ताची तपासणी वारंवार हवी, आणि खेड्यातून प्रत्येक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी.

औषध निरुपद्रवी आहे असं कुणी सांगत असेल तर तेही ऐकू नये. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट प्रमाणाबाहेर कमी होऊ शकतात, म्हणून ठरल्या वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचा. नखांवर काळपट पट्टे उमटतात. ते बघून घाबरून औषध सोडणारे आहेत, पण पट्टे निरुपद्रवी असतात. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर, बाई असो की पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलायचं. आणि कॅन्सरचं काय? हे औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्या सिकलसेल रुग्णांचा अमेरिकेत सतरा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. त्यात औषधामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. घेणाऱ्यांत मृत्यू मात्र कमी झाले.

"सिकलसेल बिघडला की त्याचा ब्लड कॅन्सर होतो"

हा समज जास्त खोलवर रुजलेला आहे, कारण दोन्हीकडे पोर पांढरंफटक पडतं, दोन्हीकडे हाडं दुखतात आणि दोन्हीकडे रक्त चढवतात. आतला बिघाड मात्र वेगळा.

प्रौढ माणसाच्या मज्जेत दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी तयार होतात. त्यांची मूळ पेशी असते यावर 1961 मध्ये टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून पुरावा दिला. या मूळ पेशीपासून टप्प्याटप्प्यानं लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट घडतात. सिकलसेलमध्ये हे टप्पे शाबूत असतात. पेशी पूर्ण पिकते, फक्त तिच्यातलं हिमोग्लोबिन सदोष असल्यामुळे 120 दिवस टिकायची ती दहा-वीस दिवसांत फुटते. ॲक्यूट ल्युकेमियात बिघाड पिकण्यातच असतो. मिरचीच्या झाडाला सारखी नवी फळं धरावीत, एकही लाल होऊ नये आणि हिरव्या फळांच्या भारानं फांद्या मोडाव्यात, तशी मज्जा कच्च्या पेशींनी भरून जाते. चांगल्या लाल पेशींना, प्लेटलेटना जागा उरत नाही. म्हणून फिकेपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, न हटणारा ताप.

एकाचं रूपांतर दुसऱ्यात होत नाही. सिकलसेल असलेल्यांत ल्युकेमियाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं काही मोठ्या नोंदींत दिसलं आहे. पण मुळातच हा धोका फार लहान, त्यामुळे वाढूनही तो लहानच राहतो. मला खरी अडचण उलट्या बाजूची वाटते. घरात सिकलसेल असला की पोराचं प्रत्येक दुखणं सिकलसेलच्या खात्यावर जातं. नसला तर 'रक्त कमी आहे' म्हणून महिनाभर लोहाचं टॉनिक चालतं. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी ल्युकेमिया दाखवत नाही. त्यासाठी सीबीसी आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, ज्याला स्मिअर म्हणतात, एवढं लागतं. ही तपासणी ना महाग, ना अवघड.

"गरोदरपणी काहीतरी चुकलं असेल"

ल्युकेमियाच्या पोराच्या आईला हे ऐकावंच लागतं. ग्रहणात काय चिरलं इथपासून चौकशी होते. लंडनचे मेल ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले, कागदावर वाळवलेले रक्ताचे जुने थेंब शोधून काढले. सिकलसेलच्या नवजात तपासणीलाही तसाच थेंब घेतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या त्या थेंबांत जनुकांचा बदल जन्मावेळीच असल्याचं 1999 मध्ये दिसलं. पण असा एक बदल शंभरातल्या एखाद्या बाळात असतोच, आणि त्यांतल्याही सुमारे शंभरातल्या एकालाच पुढे आजार होतो. पेशी घडताना झालेली ही चूक आहे. आईच्या खाण्यापिण्याशी तिचा संबंध लागलेला नाही.

"ब्लड कॅन्सर म्हणजे खेळ खल्लास"

हिंदी सिनेमानं हे ठसवलं आणि त्या काळी ते फारसं चूकही नव्हतं. आता ल्युकेमिया हा एक आजार मानतच नाहीत. प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात शांघायच्या डॉक्टरांनी 1988 मध्ये 24 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांनी कच्च्या पेशी मारल्या नाहीत, अ जीवनसत्त्वाच्या एका रूपानं त्या पिकवल्या, आणि जवळजवळ सगळ्या रुग्णांचा आजार ओसरला. त्याला आर्सेनिकची जोड मिळाल्यावर हा सर्वांत बऱ्या होणाऱ्या ल्युकेमियांपैकी एक ठरला. क्रॉनिक मायलॉइडमध्ये 2001 पासून इमॅटिनिब आहे: रोज एक गोळी, आणि माणूस शेतीवाडी करत राहतो. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या पुढे जायची. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिचं पेटंट नाकारलं, त्यामुळे स्वस्त भारतीय गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला. मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात श्रीमंत देशांत सुमारे 90 टक्के मुलं वाचतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, त्याला उशीर, जंतुसंसर्ग आणि दोन-अडीच वर्षांचा उपचार अर्ध्यात सोडणं ही कारणं आहेत. पोर चार महिन्यांत खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं.

ल्युकेमियाच्या संशोधनातून सिकलसेलला मिळालेलं दान हायड्रॉक्सियुरियापाशीच थांबत नाही. बीसीएल11ए हे जनुक आधी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये सापडलं होतं. तेच गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारं बटण आहे, हे 2008 मध्ये बोस्टनच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवलं. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धती हेच बटण लाल पेशींपुरतं निकामी करते. किंमत अमेरिकेत 22 लाख डॉलर. कुहीच्या घराला आज तिचा उपयोग नाही.

"रक्तगट जुळतो, भावाची मज्जा बसवून टाका"

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं दोन्ही आजार बरे होऊ शकतात. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. जुळावं लागतं ते रक्तगटाहून वेगळं, एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. सख्ख्या भावंडात ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. गट वेगळा असला तरी चालतो, आणि पुढे रुग्णाचा गट दात्यासारखा होतो. दाता भाऊ एएस, म्हणजे वाहक असला तरी चालतो. देणाऱ्याचं हाड कापत नाहीत, सुईनं कमरेच्या हाडातून मज्जा ओढतात आणि ती काही आठवड्यांत भरून येते.

यशस्वी प्रत्यारोपणानंतर एसएस मुलीचा रिपोर्ट दात्यासारखा, एए (निर्दोष) किंवा एएस येतो. लग्न जुळवताना हाच कागद पुढे केला जाण्याची शक्यता आहे, म्हणून सांगितलं पाहिजे: बदललं ते रक्त, बीजांड नाही. तिच्या प्रत्येक मुलाला तिच्याकडून सिकलसेलचं एस जनुकच मिळणार. त्यामुळे जावयाची तपासणी तिच्या जुन्या रिपोर्टशी ताडूनच करायची.