मीठ मागण्याची रीत

जेवणाच्या टेबलावर मित्राकडून मीठ मागून घ्यायचे असेल तर फ्रेंचमध्ये काय म्हणावे? इंग्रजीच्या वाटेने फ्रेंच शिकलेला आपला विद्यार्थी ‘सिल व्हू प्ले’ हे शब्द घोकून ठेवतो आणि ते जोडले की सौजन्याचे काम संपले, असे समजतो. पण ‘व्हू’ म्हणजे ‘तुम्ही’. सलगीच्या मित्राला ते ऐकविले तर जिवलगाने एकाएकी ‘अहो, कृपा करावी’ म्हटल्यासारखे त्याला वाटेल. त्याच्यासाठी ‘सिल त प्ले’ आहे. शब्दशः अर्थ, ‘तुला रुचत असेल तर’.

वास्तविक ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीचा पडदा दूर केला की फ्रेंच विनंतीची घडण ओळखीची वाटते. ‘मीठ देतोस?’ असे आपण म्हणतो. फ्रेंच माणूसही वर्तमानकाळालाच प्रश्नाचा सूर देऊन ‘त्यू म पास ल सेल?’ म्हणतो. सामान स्टेशनवर पोचविण्यासारखे जड काम असेल तर आपण ‘शकशील का’वर येतो, तो ‘त्यू पुरे’ या संकेतार्थी रूपावर.

दुकानात ‘झ व्ह’, म्हणजे ‘मला पाहिजे’, हे उद्धटपणाचे ठरते. तेथे ‘झ व्हूद्रे’ म्हणावे. आपल्या ‘एक पाव हवा होता’ यातील ‘होता’ पाहा. पाव हवा आहे तो आत्ता. पण मागणी भूतकाळात ढकलली की तिची धार जाते. आमच्या सिल्वासात १९५४ च्या ऑगस्टपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. (‘पाव’ हा शब्दही त्यांचाच.) कॉफी मागताना तेही ‘केरिया’ म्हणतात, ते आपले ‘हवी होती’च. त्यांची भाषा आणि फ्रेंच या दोघी लॅटिनच्या लेकी. फ्रेंचही ‘झ व्हूले’ म्हणून हीच युक्ती योजते. मराठीचे त्यांच्याशी नाते फार दूरचे, तरी तिलाही ती साधली, याचे मला कौतुक वाटते.

खरी अडचण निराळीच आहे. घरच्या माणसाचे आभार मानणे आपल्याला परकेपणाचे वाटते. ‘कृपया’ पाट्यांवरच शोभते. आपले आर्जव ‘जरा’, ‘ना’ यांत आणि आवाजात असते. फ्रेंच घरात मात्र मूल नुसते ‘पाणी’ म्हणाले तर आई ‘जादूचा शब्द कुठे गेला?’ असे विचारते. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ न म्हणता मागणी करणे हाही तेथे अपमानच. पॅरिसला शिकायला गेलेली आपली मुलगी यजमानीणबाईंना घरचे मानून ‘मेर्सी’ म्हणत नाही, आणि बाई तिला उर्मट समजतात. दोघींच्याही मनात किल्मिष नसते.

अशा मुलीने बाईंना आरंभी ‘व्हू’च म्हणावे. बाईंनी आपण होऊन ‘त्यू म्हण’ असे सुचविले की मात्र निःसंकोच बदलावे. त्यानंतरही ‘व्हू’ला चिकटून राहणे त्यांना दुरावा ठेवल्यासारखे वाटते. ‘मेर्सी’ मात्र दोन्ही वेळा म्हणावे, मीठदाणी सरकविल्याबद्दलसुद्धा.