व्यवहार का फसला? स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधल्या एररचा मागोवा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा घ्या. समजा, त्याचे पैसे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधून, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या करारातून, चुकते होतात आणि खरेदीदाराच्या खात्यात रक्कम कमी पडल्याने व्यवहार अडला. त्याच्या मोबाइलवर काय दिसायला हवं? नुसतं ‘ट्रान्झॅक्शन फेल’, की ‘खात्यात ४०,००० आहेत, सौद्याला ५२,००० लागतील’? पहिल्या उत्तराकडून दुसऱ्याकडे यायला अशी कॉन्ट्रॅक्टं जिच्यात लिहितात त्या सॉलिडिटी भाषेला आणि ती वापरणाऱ्यांना बरीच वर्षं लागली.

ही कॉन्ट्रॅक्टं चालवणारी इथेरियम ब्लॉकचेन २०१५ साली सुरू झाली, तेव्हा कॉन्ट्रॅक्टला नकार द्यायचा तर ‘थ्रो’ हाच मार्ग होता. झालेले सगळे बदल मागे फिरायचे, शिल्लक गॅसही (म्हणजे व्यवहार चालवण्यासाठी मोजलेलं शुल्क) जळून जायचा आणि कारण मात्र कुणालाच कळत नसे. त्याहून वाईट होतं ते न बोलता फसणं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘किंग ऑफ द इथर थ्रोन’ या खेळात हेच घडलं. नव्या राजाने सिंहासन घेतलं की जुन्या राजाला त्याची भरपाई जायची. काही जुन्या राजांची खाती म्हणजे स्वतःच कॉन्ट्रॅक्ट असलेली वॉलेट होती. तिथे पुरेसा गॅस न पोचल्याने रक्कम परतली. रक्कम पाठवणाऱ्या ‘सेंड’ या आज्ञेने नकार कळवला होता, पण कॉन्ट्रॅक्टने तो तपासलाच नाही आणि खेळ पुढे चालू राहिला. एरर हाताळणं ही शेवटी उरकायची बाब नाही, हे त्या प्रसंगाने अनेकांना पटवलं.

मार्च २०१७ मध्ये सॉलिडिटीत अट तपासणारे ‘रिक्वायर’ व ‘असर्ट’ आणि थेट नकार देणारं ‘रिव्हर्ट’ आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये इथेरियममध्ये झालेल्या बायझँटियम बदलानंतर फसलेल्या व्यवहारात उरलेला गॅस परत मिळू लागला आणि नकारासोबत माहिती पाठवायची सोयही झाली. एप्रिल २०१८ पासून कारण शब्दांत लिहिता येऊ लागलं. डेव्हलपरांना हायसं वाटलं.

पण ते शब्द फुकट नव्हते. संदेशाचा प्रत्येक बाइट कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये जातो, त्याची किंमत कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकचेनवर चढवताना मोजावी लागते, आणि एका कॉन्ट्रॅक्टच्या कोडला २४,५७६ बाइटची मर्यादा आहे. म्हणून लोक संदेश आखडू लागले. टोकनांची अदलाबदल करणाऱ्या युनिस्वॅपच्या २०२१ मधल्या व्ही-३ आवृत्तीत कारणं ‘एल-ओ-के’, ‘ए-एस’ अशी दोन-तीन अक्षरांवर आली. कोड लिहिणाऱ्याला ती कळतात, पैसे अडकलेल्याला नाही.

मराठीची अडचण तर आणखी मोठी. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि हलन्तसुद्धा तीन-तीन बाइट घेतं. ‘इन्सफिशियंट बॅलन्स’ हे रोमन लिपीत २० बाइटांत बसतं. ‘शिल्लक अपुरी आहे’ याला ४४ लागतात. शिवाय सॉलिडिटीच्या जुलै २०२० च्या ०.७.० आवृत्तीपासून असा मजकूर ‘युनिकोड’ म्हणून वेगळा जाहीर करावा लागतो. म्हणजे आपल्या भाषेत कारण सांगायचं तर भुर्दंड. साहजिकच कुणी तसं लिहीत नसे.

एप्रिल २०२१ च्या ०.८.४ आवृत्तीने ही गाठ सोडवली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल हेच. आता आपली स्वतःची एरर घोषित करता येते: तिला नाव द्यायचं आणि सोबत हवी ती मूल्यं जोडायची. चेनवरून परत येते ती फक्त चार बाइटची खूण आणि ती मूल्यं. वाक्य कुठल्या भाषेत दाखवायचं, हे स्क्रीन बनवणारा ठरवतो. टोकनांसाठीच्या ईआरसी-६०९३ मानकातली अपुऱ्या शिलकेची एरर पाहा. ती तीन गोष्टी देते: कुणाचं खातं, त्यात किती आहे, किती हवं होतं. गुळाच्या खरेदीदाराला हवं असलेलं वाक्य एवढ्यावर पुरं होतं, आणि तेही मराठीत, एकही जादा बाइट न देता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओपनझेपेलिन या तयार कॉन्ट्रॅक्टांच्या संग्रहाच्या ५.० आवृत्तीने जुने शब्दसंदेश सोडून हाच मार्ग धरला. सॉलिडिटीच्या मे २०२४ च्या ०.८.२६ आवृत्तीपासून ‘रिक्वायर’मध्येही स्वतःची एरर देता येते.

हे आपल्यापासून दूरचं नाही. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन चेनच्या आधारे पडताळता येतील अशी देण्याचा उपक्रम हाती घेतला गेला. याच पॉलिगॉनच्या चाचणी नेटवर्कचं नाव ‘मुंबई’ होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद होईपर्यंत जगभरच्या डेव्हलपरांची कॉन्ट्रॅक्टं तिथे रिव्हर्ट होत राहिली. प्रमाणपत्रासारखी गोष्ट चेनवर जाते तेव्हा नकार वाचणारा माणूस तालुक्याच्या गावातला असतो. त्याला कारण समजलंच पाहिजे.

उणिवा अजून आहेत. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडून आलेली एरर पकडणारं ‘ट्राय-कॅच’ २०१९ अखेरीस आलं, पण त्यात नावानिशी स्वतःची एरर पकडता येत नाही. कच्चे बाइट घेऊन खूण आपणच जुळवावी लागते. आणि आतल्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडून आलेली एरर खरीच असेल असंही नाही, कारण कुणीही तशीच दिसणारी माहिती परत पाठवू शकतो. म्हणून तिच्यावर पैशाचा निर्णय सोपवू नये. जोडायची मूल्यंही निवडून घ्यावीत: जे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते परत सांगण्यात अर्थ नाही, त्याने पुढे काय करायचं हे ज्यातून कळेल तेवढंच द्यावं.

कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली जी मुलं-मुली आज प्रोजेक्टसाठी कॉन्ट्रॅक्ट लिहीत आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे: कोडसोबत एररची यादी द्या आणि तिच्या शेजारी प्रत्येक एररचं एक साधं मराठी वाक्य लिहून ठेवा.